बीपी-शुगर असताना मेडिक्लेम: फॉर्म भरण्यापासून विमा लोकपालापर्यंत

क्लेम ‘पीईडी’ (पॉलिसीच्या आधीपासूनचा आजार) म्हणून नाकारला गेला की भांडण होतं डिस्चार्जच्या काउंटरवर. कारण मात्र बहुतेकदा तीन-चार वर्षं जुनं असतं. एजंटने घाईत भरलेला फॉर्म, आजारांच्या रकान्यात सरसकट ‘नाही’, आणि पॉलिसी आल्यावर ती न उघडताच कपाटात. २०२४ साली नियम ग्राहकाच्या बाजूने बरेच सुधारले, पण त्यांचा पुरता फायदा आजार लिहून देणाऱ्यालाच मिळतो. लपवणाऱ्याच्या हातात फक्त भांडण उरतं.

आधीचा आजार कशाला म्हणायचं

१ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयआरडीएआय या विमा नियामकाच्या नियमांप्रमाणे, पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला, किंवा त्या काळात ज्यासाठी सल्ला-उपचार सुचवला वा घेतला गेला, तो आजार आधीचा. पूर्वी ही मुदत ४८ महिने होती. त्या आजाराला संरक्षण मिळेपर्यंत थांबायचा काळ, म्हणजे वेटिंग पिरियडही, आता जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा. तोही पूर्वी ४८ होता. तुमची पॉलिसी जुनी असेल तर हातातल्या जुन्या कागदावर विसंबू नका, शेवटच्या नूतनीकरणाची प्रत काढून पाहा.

इथे एक गफलत हमखास होते. शुगरचं निदान २०१५ सालचं, म्हणजे ३६ महिन्यांच्या बाहेर, मग तो आधीचा आजार नाही, असं लोक धरून चालतात. गोळी रोज चालू आहे ना? मग गेल्या ३६ महिन्यांत उपचार घेतलेलाच आहे. तो पीईडीच. उलट, पंधरा वर्षांपूर्वी अपेंडिक्स काढलं आणि नंतर काहीच त्रास झाला नाही, हे या व्याख्येत बसत नाही. पण फॉर्मवर ‘आजवर कधी शस्त्रक्रिया झाली आहे का’ असं विचारलं असेल तर उत्तर ‘हो’. वेटिंग लावायचं की नाही हे कंपनी व्याख्येवरून ठरवेल. तुम्ही प्रश्न जसा विचारलाय तसं उत्तर द्यायचं.

पॉलिसीत एकाच वेळी वेगवेगळ्या मुदती चालू असतात आणि नकाराचं पत्र वाचताना त्या एकमेकींत मिसळतात. पहिले ३० दिवस अपघात सोडून कशालाच संरक्षण नाही. दुसरी मुदत ठरावीक आजारांच्या यादीची: मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, मुतखडा, गुडघा बदलणं वगैरे. बहुतेक पॉलिसींत ही २४ महिन्यांची असते आणि ठणठणीत माणसालाही लागते. तिसरी पीईडीची. पत्रात यांचे कोड येतात: पीईडी म्हणजे ‘एक्सक्लूजन ०१’, यादीतले आजार ‘०२’, पहिले ३० दिवस ‘०३’. एखादा आजार यादीतही आहे आणि आधीपासूनही आहे, तर दोन्हींतली जी मुदत लांब ती लागू होते.

चौथा आकडा ६० महिन्यांचा, त्याला मोरेटोरियम म्हणतात. सलग ६० महिने हप्ते भरले की माहिती दिली नाही किंवा चुकीची दिली या कारणावरून कंपनीला क्लेम अडवता येत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. पूर्वी यासाठी आठ वर्षं थांबावं लागे. ६० महिन्यांनंतरही को-पे (बिलातला तुम्ही भरायचा ठरलेला वाटा), रूमभाड्याची मर्यादा, कायमचे वगळलेले आजार हे सगळं तसंच राहतं. आणखी एक: आयुर्विम्यातलं तीन वर्षांचं ‘कलम ४५’ इथे लागत नाही. एजंट ते छातीठोकपणे सांगतात, पण ते जीवन विम्यापुरतंच आहे.

फॉर्म भरताना

आधी कागद जमवा. चालू गोळ्यांचं ताजं प्रिस्क्रिप्शन, गेल्या तीन वर्षांतले रिपोर्ट (एचबीए१सी, लिपिड, क्रिएटिनिन, टीएसएच, ईसीजी, असेल तर टू-डी एको), आणि आजवरची सगळी डिस्चार्ज कार्डं. ऑफिसातल्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट लोक विसरतात. त्यात ‘फास्टिंग शुगर बॉर्डरलाइन’ असं छापलेलं असतं आणि नंतर तेवढ्यावरून वाद होतो. केईएम, सायन, नायर, कूपरच्या ओपीडीचे केसपेपर पातळ असतात, वर्षभरात विरतात. त्यांचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवलेले बरे.

आता फॉर्म. ‘बीपी – हो’ एवढं लिहिणं म्हणजे अर्धवट माहिती. असं लिहा: ‘उच्च रक्तदाब, निदान मार्च २०१९, टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम रोज एक, शेवटचं मोजमाप १३०/८४, यासाठी कधीही दाखल नाही.’ आजार, निदानाचा महिना आणि वर्ष, औषध व मात्रा, शेवटचा आकडा, दाखल झालात का: प्रत्येक आजारापुढे या पाच गोष्टी. जागा पुरत नसेल तर वेगळा कागद जोडा आणि फॉर्मवर ‘सोबत पुरवणी’ असं लिहा. ऑनलाइन फॉर्ममध्ये रकाना छोटा असला तर हीच माहिती त्याच दिवशी कंपनीच्या अधिकृत ईमेलवर प्रपोझल (अर्ज) क्रमांकासह पाठवा.

जे हमखास राहून जातं ते असं: थायरॉईडची गोळी (‘तो काय आजार आहे?’ असं म्हणून), दम्याचा पंप, पाठीचा जुना एमआरआय, गरोदरपणात वाढलेली शुगर, कोविडमधलं ॲडमिशन, झोपेच्या किंवा मानसोपचाराच्या गोळ्या, कोलेस्टेरॉलची गोळी. तंबाखू, मिश्री, गुटखा यांचा प्रश्न सिगारेटच्या प्रश्नातच असतो. मिश्री लावणाऱ्या आजींच्या फॉर्मवर ‘तंबाखू – नाही’ लिहिलेलं असेल तर तोंडाच्या आजाराचा क्लेम आला की ते बाहेर पडतंच.

आजकाल फॉर्म कागदावर नसतोच. एजंट त्याच्या मोबाईलवर भरतो आणि म्हणतो, ‘काका, ओटीपी आलाय तो सांगा.’ तो ओटीपी म्हणजे तुमची सही आहे. आधी भरलेल्या फॉर्मची पीडीएफ व्हॉट्सॲपवर मागवा, आजारांचं पान वाचा, मगच ओटीपी द्या. ‘बीपी लिहिलं तर पॉलिसी मिळणार नाही’ असं एजंट म्हणाला तर एजंट बदला. बीपीवर पॉलिसी देणाऱ्या कंपन्या भरपूर आहेत. त्याला फक्त तपासणीची आणि वाट पाहण्याची दगदग नको असते.

यानंतर कंपनीच्या डॉक्टरांचा फोन येतो, तो रेकॉर्ड होतो. लोकलमध्ये, गर्दीत तो घेऊ नका. नंतरची वेळ मागा. इंग्रजी-हिंदीत अडखळत असाल तर मराठीत बोलणारं माणूस मागा. फॉर्मवर २०१९ आणि फोनवर ‘झाली असतील आठ-दहा वर्षं’ असं झालं की दोन नोंदी तयार होतात, आणि वादाच्या वेळी कंपनी तिला सोयीची तीच काढते.

पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवस असतात, त्यांना फ्री-लूक म्हणतात. या काळात पॉलिसी परत करता येते आणि थोडी कपात होऊन पैसे मिळतात. पण या ३० दिवसांचं खरं काम तपासणीचं. पॉलिसीसोबत तुमच्या फॉर्मची प्रत असते, ती उघडा. शेड्यूलवर (पॉलिसीच्या तपशिलाच्या पानावर) तुमचे आजार पीईडी म्हणून नोंदले आहेत का ते पाहा. रकाना कोरा दिसला की लोक खूश होतात; हीच धोक्याची जागा आहे. वेटिंग संपल्यावरही पीईडीला संरक्षण मिळतं ते ‘अर्जात सांगितलेला आणि कंपनीने स्वीकारलेला’ असेल तरच, असं एक्सक्लूजन ०१ मध्येच लिहिलेलं आहे. रकाना कोरा असेल तर एवढा ईमेल पुरे:

‘पॉलिसी क्रमांक अमुक. प्रपोझल देताना मी उच्च रक्तदाब (मार्च २०१९ पासून) व हायपोथायरॉईडिझम (२०२१ पासून) असल्याचं कळवलं होतं. शेड्यूलवर ही नोंद दिसत नाही. कृपया नोंद करून सुधारित शेड्यूल पाठवावं. प्रिस्क्रिप्शन व रिपोर्ट सोबत जोडले आहेत.’

उत्तर येईपर्यंत दर आठवड्याला स्मरणपत्र पाठवा. सगळं एकाच ईमेल साखळीत ठेवा.

जास्तीचा हप्ता आणि कमी केलेलं वेटिंग

आजार सांगितल्यावर कंपनी तीनपैकी एक करते: नेहमीच्या वेटिंगवर पॉलिसी देते, लोडिंग लावते किंवा नकार देते. लोडिंग म्हणजे वाढीव हप्ता, आणि त्याला तुमची संमती घ्यावी लागते. ते पॉलिसी घेतानाच लागतं. पुढे तुम्ही क्लेम केला म्हणून फक्त तुमच्या एकट्याच्या नूतनीकरणाचा हप्ता वाढवता येत नाही, किंवा नूतनीकरण नाकारता येत नाही. काही गंभीर आजार तुमच्या लेखी संमतीने कायमचे वगळूनही पॉलिसी देता येते. ही संमती देण्याआधी दोन दिवस घ्या. मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्याने मूत्रपिंडच वगळून घेतलेली पॉलिसी डेंग्यूला, अपघाताला उपयोगी पडते, पण ज्याची भीती आहे त्याला नाही.

बऱ्याच कंपन्या जास्त पैसे घेऊन बीपी, शुगर, दमा, कोलेस्टेरॉल यांचं वेटिंग तीन वर्षांवरून एका वर्षावर किंवा थेट ३१व्या दिवसावर आणतात. घ्यायचं का? साठीच्या आसपास असाल आणि शुगर दहा वर्षांची असेल तर घ्यावं. पस्तिशीत फक्त थायरॉईड असेल तर त्या पैशांत विम्याची रक्कम वाढवलेली बरी. मुंबईत अँजिओप्लास्टीचं बिल पाच लाखांच्या पॉलिसीत मावेलच असं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्यावर आला आहे, त्यामुळे जुन्या कोटेशनवरून हिशेब करू नका. ज्येष्ठ नागरिकांचा हप्ता आयआरडीएआयशी सल्लामसलत न करता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, हा आदेश जानेवारी २०२५ चा.

विम्याची रक्कम नंतर वाढवली तर सगळ्या मुदती वाढीव रकमेपुरत्या नव्याने सुरू होतात. समजा २०२१ मध्ये ५ लाखांची पॉलिसी, २०२५ मध्ये ती १५ लाखांची केली आणि २०२६ मध्ये शुगरमुळे किडनीचा त्रास होऊन ८ लाख बिल झालं. मिळणार ५ लाखांपर्यंतच. वरच्या १० लाखांसाठी पीईडीचा काळ आणि ६० महिने २०२५ पासून मोजले जातात. म्हणून रक्कम लवकर वाढवावी. आजार वाढल्यावर वाढवून फारसं हाती लागत नाही.

कंपन्या वेटिंग का लावतात, आणि वाद कुठे आहे

पीईडीला पहिल्या दिवसापासून संरक्षण द्यावं ही मागणी सोसायटीच्या गच्चीपासून संसदेपर्यंत होते. कंपन्यांचं म्हणणं असं की मग लोक आजारी पडल्यावरच पॉलिसी घेतील, निरोगी माणूस हप्ता भरणार नाही, आणि उरलेल्यांचा हप्ता चढत जाईल. हे म्हणणं खोटं नाही. अमेरिकेत २०१० च्या कायद्याने १ जानेवारी २०१४ पासून आधीच्या आजारावरून विमा नाकारणं किंवा जास्त हप्ता लावणं बंद झालं. पण त्याच कायद्यात विमा न घेणाऱ्याला दंड होता आणि कमी उत्पन्नवाल्याला हप्त्यात मदत होती. पुढे तो दंड २०१९ पासून शून्य करण्यात आला. तिथला वादही अजून मिटलेला नाही.

आपल्याकडे याच मुंबईत दोन ठिकाणी पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळतं: नोकरीतला ग्रुप मेडिक्लेम आणि सरकारी योजना. कारण एकच. तिथे माणूस आजारी आहे म्हणून शिरत नाही. नोकरी लागली किंवा रेशनकार्ड आहे म्हणून शिरतो. त्यामुळे ‘पीईडी लगेच द्या’ एवढंच म्हणून भागत नाही. निरोगी माणसाला आत कसं आणायचं, याचंही उत्तर द्यावं लागतं. आमच्या मते ३६ महिने हे गोळीवर आटोक्यात असलेल्या बीपीसाठी निव्वळ जास्त आहेत. पैसे घेऊन त्याच कंपन्या ते ३० दिवसांवर आणतात, म्हणजे त्यांनाही ती जोखीम पेलते. कॅन्सर किंवा डायलिसिसच्या बाबतीत मात्र खाजगी विम्याकडून फार अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही, ते काम करातून चालणाऱ्या योजनांचंच आहे.

नोकरी, पोर्टिंग, सरकारी योजना

ऑफिसच्या पॉलिसीत आई-वडील आहेत, पीईडी पहिल्या दिवसापासून आहे, म्हणून स्वतःची पॉलिसी काढली नाही, ही मुंबईतली सर्वांत मोठी चूक. नोकरी सुटते ५२ व्या वर्षी, तेव्हा शुगर आलेली असते. ऑफिसची पॉलिसी चालू असतानाच छोटी का होईना, वैयक्तिक पॉलिसी घ्या. वेटिंग आणि ६० महिने आपोआप सरकत राहतात. नोकरी सोडत असाल तर शेवटच्या दिवसाआधी एचआरला आणि त्याच विमा कंपनीला लेखी कळवा की ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेट व्हायचं आहे आणि ग्रुपमधल्या वर्षांचं क्रेडिट हवं आहे. कंपनी तपासणी करू शकते, पण मागितलंच नाही तर क्रेडिट कुणी आणून देत नाही.

कंपनी बदलायची असेल तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी पोर्टिंगचा अर्ज टाका. ३६ पैकी २४ महिने जुन्या कंपनीत झाले असतील तर नव्या कंपनीत १२ उरतात, पण जुन्या रकमेपुरतेच. नवी कंपनी नकार देऊ शकते. म्हणून होकार लेखी येईपर्यंत जुनी पॉलिसी मोडू नका. आणि पोर्टिंगचा फॉर्म हा नवा प्रपोझल फॉर्म असतो, मधल्या काळात आलेले आजार त्यात लिहावेच लागतात. खंड पडणं हा यातला सर्वांत मूर्खपणाचा तोटा: वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत मुदत आहे, मासिक हप्त्याला १५ दिवसांची. तीही चुकली तर साचलेले सगळे महिने जाऊ शकतात. हप्त्याची तारीख ऑटो-डेबिटवर टाकली तरी खात्यात पैसे आहेत का ते त्या आठवड्यात पाहा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही रेशनकार्ड चालतं आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. १ जुलै २०२४ पासून हे लागू झालं. आधीचा आजार आडवा येत नाही. मर्यादा दोन: उपचार ठरलेल्या यादीतला हवा आणि हॉस्पिटल योजनेत नोंदलेलं हवं. हॉस्पिटलच्या दारातच आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन दाखल होण्याआधी तिथे जा, नंतर नव्हे. चौकशीसाठी १५५३८८. सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली. खाजगी मेडिक्लेम असला तरी ते काढता येतं. आईवडिलांचं वेटिंग चालू असताना हे कार्ड हाताशी ठेवा.

दाखल होताना: पहिल्या पानावरची एक ओळ

रात्री अकरा वाजता छातीत दुखतं म्हणून वडिलांना कॅज्युअल्टीत नेलं. शिकाऊ डॉक्टर विचारतात, ‘बीपी आहे का?’ मुलगा घाबरलेला, म्हणतो, ‘हो, बरीच वर्षं झाली.’ डॉक्टर इंग्रजीत लिहून टाकतात: ‘केसीओ एचटीएन, दहा वर्षं’. म्हणजे दहा वर्षांपासून रक्तदाबाचा ज्ञात रुग्ण. प्रत्यक्षात निदान तीन वर्षांपूर्वीचं, पॉलिसी चार वर्षांपूर्वीची. पण आता कागदावर आजार पॉलिसीच्या आधीचा झाला. हीच ओळ डिस्चार्ज समरीत उतरते, टीपीएकडे (कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडे) जाते आणि ‘माहिती लपवली’ या पत्रात उद्धृत होते.

उपाय सोपा आहे. घरातल्या प्रत्येकाची आजार-तारीख-औषध अशी चिठ्ठी मोबाईलमध्ये ठेवा आणि डॉक्टरांना तीच दाखवा. आठवत नसेल तर ‘तारीख नक्की माहीत नाही, कागद आणून देतो’ असं म्हणा. अंदाजे आकडा सांगू नका. दुसऱ्या दिवशी नर्सिंग स्टेशनवर केसपेपरवरची ‘हिस्टरी’ विचारून घ्या. चुकलं असेल तर उपचार करणाऱ्या मुख्य डॉक्टरांकडून लेटरहेडवर दुरुस्तीपत्र घ्या: निदानाची खरी तारीख, ती कशावरून (पहिलं प्रिस्क्रिप्शन), आणि आधीची नोंद नातेवाइकांनी अंदाजाने सांगितली होती हे वाक्य. खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. हे दाखल असतानाच मिळतं. डिस्चार्जनंतर महिनाभराने तेच डॉक्टर टाळाटाळ करतात. मूळ केसपेपरवर खाडाखोड मात्र होऊ देऊ नका, त्याने खरी दुरुस्तीही संशयास्पद ठरते.

कॅशलेसची (बिल कंपनीने थेट हॉस्पिटलला देण्याची) विनंती मिळाल्यापासून कंपनीने तासाभरात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत, असं मे २०२४ च्या परिपत्रकात आहे. तीन तासांहून उशीर झाल्याने हॉस्पिटलने वाढीव पैसे लावले तर ते कंपनीने भरायचे. म्हणून हॉस्पिटलने अंतिम बिल किती वाजता पाठवलं ती वेळ लिहून घ्या. बहुतेक खोळंबा हॉस्पिटलच्या बिलिंग विभागातच होतो, कंपनीपर्यंत कागद गेलेलाच नसतो.

कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं नव्हे. पैसे भरा, मूळ कागद घ्या आणि रीइम्बर्समेंटला (भरलेले पैसे परत मिळवायला) टाका. मुदत पॉलिसीत असते, साधारण डिस्चार्जपासून १५ ते ३० दिवस. या टप्प्यावर तपासनीस घरी येतो, फॅमिली डॉक्टरांकडे आणि कोपऱ्यावरच्या केमिस्टकडेही जातो. त्याला कागदांच्या प्रती द्या, पण कोऱ्या किंवा त्याने आधीच लिहून आणलेल्या जबाबावर सही करू नका. जबाब स्वतःच्या हाताने, मराठीत लिहा आणि त्याचा फोटो काढा.

नकाराचं पत्र आल्यावर

आधी पाहा, कंपनी दोनपैकी कोणतं म्हणते आहे. ‘हा खर्च पीईडीचा आहे आणि वेटिंग बाकी आहे’ हे एक. ‘तुम्ही माहिती लपवली, म्हणून क्लेम नाही आणि पॉलिसीही रद्द’ हे दुसरं. दोन्हींना उत्तरं वेगळी लागतात, आणि लोक एकाला दुसऱ्याचं उत्तर देतात.

पहिल्याच्या बाबतीत वाद वैद्यकीय असतो. वगळणूक आहे ती पीईडी आणि त्याच्या थेट गुंतागुंतीची. शुगरच्या रुग्णाला डेंग्यू झाला किंवा दादरच्या जिन्यावर पडून हाड मोडलं तर शुगरचं वेटिंग आड येत नाही. हृदयविकाराचा झटका आला तर कंपनी हमखास शुगर-बीपीशी जोडते. तिथे हृदयरोगतज्ज्ञांचं पत्र लागतं: या रुग्णात झटक्याची इतर कारणं कोणती, शुगर किती आटोक्यात होती (मागचे एचबीए१सी जोडा), आणि ही थेट गुंतागुंत म्हणता येते का. डॉक्टरांना ‘क्लेम पास होईल असं पत्र द्या’ म्हणू नका. हे तीन प्रश्न कागदावर लिहून द्या.

दुसऱ्याच्या बाबतीत वाद कागदांचा. आजार पॉलिसीच्या आधी होता, तुम्हाला माहीत होता आणि तुम्ही सांगितला नाही, हे दाखवायची जबाबदारी कंपनीवर असते. भरलेल्या फॉर्मची प्रत आणि फोनचं रेकॉर्डिंग लेखी मागा. सांगितलेला आजार असूनही नकार आला असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२१ चा निकाल तुमच्या बाजूला आहे: तुम्ही उघड केलेल्या प्रकृतीचा विचार करून कंपनीने पॉलिसी दिली की त्याच कारणावरून नंतर क्लेम नाकारता येत नाही. बीपी-शुगर सांगितली नव्हती अशा प्रकरणांत मात्र ग्राहक आयोगांचे निकाल दोन्ही बाजूंनी आहेत. त्या भरवशावर राहू नका. अशा वेळी किमान पॉलिसी तरी वाचवा: रद्द करण्याऐवजी लोडिंग किंवा वाढीव वेटिंग लावून ती चालू ठेवावी, अशी मागणी पत्रात स्वतंत्र परिच्छेदात करा.

पायऱ्या अशा. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल. नकारपत्रात कोणतं कलम, त्यावर तुमचं एक पानी उत्तर, जोडपत्रांना क्रमांक. नियमाप्रमाणे कंपनीच्या दावे तपासणाऱ्या समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम फेटाळता येत नाही, तेव्हा ती मंजुरी झाली होती का तेही विचारा. सोबत आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर नोंद करा, किंवा १५५२५५ वर फोन करा. पोर्टल निवाडा देत नाही, पण तक्रार क्रमांक मिळतो आणि कंपनी जरा लवकर हलते.

३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटत नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणारा अधिकारी. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. फी नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे घेतले जातात. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर जीवन सेवा ॲनेक्समध्ये आहे; चेंबूर, गोवंडी, घाटकोपर, भांडुप, मुलुंड या पट्ट्यातल्या वॉर्डांची प्रकरणं ठाण्याच्या कार्यालयाकडे जातात. चुकीच्या ठिकाणी टाकलं तर आठवडे वाया जातात, म्हणून आधी आपला वॉर्ड पाहा. तक्रार ऑनलाइनही करता येते. सुनावणीत वेळ थोडा मिळतो. तारखांची एक पट्टी करून न्या: पॉलिसी कधी, पहिलं प्रिस्क्रिप्शन कधी, दाखल कधी, नकार कधी. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. ३० दिवसांत तो पाळला नाही तर कंपनीला दिवसाला ५,००० रुपये तुम्हाला द्यावे लागतात.

निवाडा पटला नाही तर ग्राहक आयोग मोकळा आहे, पण उलट क्रम चालत नाही: आयोगात प्रकरण टाकलं की त्याच क्लेमवर लोकपाल तक्रार घेत नाही. आयोगाची मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. लोकपालाकडे गेलेला काळ त्यातून वजा होईल असं धरून बसू नका. निवाड्याची वाट पाहताना ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.